लाल पट्टी कोणासाठी?

दवाखान्यात पाय ठेवला की माणूस आधी दुखणं सांगत नाही. आधी विचारतो, "माझा नंबर कधी येईल?" यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या डॉक्टर रजत उमरे यांच्या दवाखान्यात या एका प्रश्नापायी रोज भांडणं व्हायची. कोणी पहाटेच पायरीवर चप्पल ठेवून निघून जायचं आणि मग उन्हं वर आल्यावर येऊन त्या चपलेच्या जागेवर हक्क सांगायचं. कोणी "नुसता रिपोर्ट दाखवायचा आहे" म्हणत सरळ आतलं दार लोटायचं. खेड्यावरून सकाळच्या बसनं आलेली साधी माणसं मात्र दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसलेली.

डॉक्टरांना हे बघवेना. त्यांनी काउंटरवर कॉम्प्युटर बसवला, पेशंटचे नंबर लावणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि बाहेरच्या भिंतीवर टीव्ही टांगला. नाव, गाव, मोबाइल सांगितला की टोकन मिळायचं. कोणाचा नंबर चालू आहे, ते टीव्हीवर सगळ्यांना दिसायचं. चपलांचे ढीग गेले, भांडणं मिटली. लोक म्हणाले, चला, आता न्याय झाला!

हा कॉम्प्युटर सांभाळायला डॉक्टरांनी वैष्णवीला ठेवलं.

वैष्णवीचं माहेर बोरी अरबचं, सासर नेरजवळच्या खेड्यातलं. सासरे मारोतराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. कापूस, सोयाबीन, तुरीची मोठी शेती, चार लोकांत उठबस. घरात वैष्णवी धाकटी सून. बी.ए. झालेली असली तरी तिला कोणी काही विचारत नसे. बैठकीत चहा नेऊन द्यायचा आणि पदर सावरत मागे फिरायचं, एवढाच तिचा वावर. दवाखान्यातली नोकरीही सासऱ्यांनी "बसल्या बसल्या काय करते घरी" म्हणून करू दिली होती.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी तिला एक गोष्ट नीट समजावली होती. नावापुढचं 'तातडी'चं बटण दाबलं की त्या नावावर लाल पट्टी येते आणि तो पेशंट साध्या नंबरवाल्या सगळ्यांच्या वर जातो.

"हे जपून वापरायचं," डॉक्टर म्हणाले होते. "छातीत दुखतंय, दम लागलाय, साप चावलाय, फिट आली, तोंड वाकडं झालं. अशांनाच. बाकी कोणीही असो, रांगेत."

वैष्णवीनं मान डोलावली होती. आणि काही आठवडे ती तसं वागलीही होती.

मग एकदा मारोतरावांचा फोन आला. "सूनबाई, माया एक दोस्त येऊन राह्यला. त्याले बसू नको देऊ, बरं दिसत नाई. लवकर सोड."

सासऱ्यांनी तिला स्वतःहून फोन केल्याची ती पहिलीच वेळ. वैष्णवीनं बटण दाबलं. दोस्त आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर आले, जाताना काउंटरशी थांबून म्हणाले, "मारोतरावची सून लय हुशार हाये बाप्पा!" त्या संध्याकाळी बैठकीत चहा घेऊन गेली, तर मारोतराव पाहुण्यांना म्हणाले, "हे आमची वैष्णवी. दवाखान्याचं सारं हिच्याच हातात हाये." तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

मग काय! मारोतरावांचे दोस्त झाले, नणंदेच्या सासरचे झाले, शाळेतल्या बाई झाल्या, शेजारच्या दुकानदाराची आई झाली. कोणाचं साधं बी.पी. मोजायचं, कोणाला सर्टिफिकेटवर सही हवी, कोणाचा नुसता खोकला. सगळ्यांच्या नावावर लाल पट्टी. लग्नाकार्यात जिला कोणी बस म्हणत नव्हतं, तिला आता पुढची खुर्ची मिळू लागली. बाकावर बसलेली माणसं टीव्हीकडे बघायची. आपल्या आधी दोन होते, ते आता चार कसे झाले, हे त्यांना कळायचं नाही. त्यांना वाटायचं, कॉम्प्युटरच तसा आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाजाराचा दिवस, त्यामुळे दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. अशा गर्दीत जमनीबाई नवऱ्याला घेऊन आत आल्या. जवळच्या तांड्यावरचे हरिसिंग आणि जमनी, म्हातारं बंजारा जोडपं, ऑटोतून उतरून आलं होतं. हरिसिंगांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता आणि ते बायकोच्या अंगावर रेलून चालत होते.

"बाई," जमनी काउंटरशी येऊन म्हणाल्या, "सकाळी चहा घेता घेता ह्यायच्या हातून कप पडला. तवापासून जीभ जड झाली. बोलता येऊन नाई राह्यलं."

वैष्णवीनं मान वर केली. हरिसिंग काही तरी पुटपुटले, शब्द एकमेकांत अडकले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. आणि वैष्णवीच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की सकाळी सकाळीच घेतलेली दिसते! तांड्यावरचा माणूस, तोल जातोय, बोबडं बोलतोय, म्हणजे दुसरं काय असणार? तिनं नाकानं वास घ्यायचा प्रयत्न केला. वास काही आला नाही. तरी तिनं मन बदललं नाही.

"नाव सांगा. बसा तिकडं, नंबर आला की आवाज देतो," ती म्हणाली आणि साधं टोकन हातात दिलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. मारोतराव. "सूनबाई, माया दोस्त निघाला हाये, त्याले गाडीच्या लायसनच्या कागदावर डॉक्टरची सही पायजे. अन् त्याचा साळाही संगं हाये, त्याचं बी.पी. पाहून द्या म्हणा."

"हाव, मामाजी," वैष्णवी म्हणाली. दोन लाल पट्ट्या. शाळेतल्या बाई यायच्या होत्या, त्यांचीही एक आधीच लावलेली होती.

बऱ्याच वेळानं जमनी पुन्हा काउंटरशी आल्या. "बाई, ह्यायचा हातच उचलून नाई राह्यला. एखादखेप डॉक्टरले सांगून पाह्य ना वो."

"सगळ्यायलेच घाई हाये, मावशी. मी काय करू?"

"आमाले पुढं नको घालू. नुसतं सांग त खरं."

वैष्णवीनं बाकाकडे पाहिलं. हरिसिंग एका कुशीवर कलले होते. शेजारच्या बाईनं त्यांना धरून ठेवलं होतं. तिनं आता हरिसिंगांच्या नावापुढचं बटण दाबलं. लाल पट्टी आली. पण वर तिच्याच हातच्या तीन लाल पट्ट्या होत्या, आणि ती तिन्ही माणसं नुकतीच येऊन पोचली होती. हरिसिंग चौथे झाले. वरच्यांना खाली सरकवावं, तर लायसनवाले गृहस्थ समोरच उभे. संध्याकाळी घरी काय ऐकावं लागेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिनं दार उघडून आत सांगितलं, "सर, एक तातडीचं आहे."

डॉक्टर शाळेतल्या बाईंचं बी.पी. मोजत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. "सगळेच तातडीचे आहेत, वैष्णवी. येऊ दे आपापल्या नंबरानं."

आणि तिनं दार लावून घेतलं.

बाई बाहेर आल्या. मेव्हण्याचं बी.पी. पाहून झालं. लायसनच्या कागदावर सही झाली, वर डॉक्टरांशी कापसाच्या भावाच्या गप्पाही झाल्या. ते गृहस्थ हसत बाहेर पडत होते, तोच बाकावरून धप्प असा आवाज आला. जमनींनी हंबरडा फोडला.

डॉक्टर धावत बाहेर आले. हरिसिंग फरशीवर पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. डॉक्टरांनी गुडघे टेकले, डोळे पाहिले, हात उचलून सोडला. तो दगडासारखा खाली आला.

"कधीपासून आहे हे?"

"सकाळपासून, डॉक्टरसायेब," जमनी रडत म्हणाल्या. "कवाचे बसलो हाओ आमी इथं!"

"इथं बसलात? आणि मला कोणी सांगितलं नाही!" डॉक्टर ओरडले. मग त्यांना त्यांचंच 'येऊ दे आपापल्या नंबरानं' आठवलं असावं.

अॅम्ब्युलन्स बोलावली, हरिसिंगांना यवतमाळला नेलं. दुपारनंतर तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. ती वेळ टळली होती. जीव वाचेल, हाताचं आणि बोलण्याचं काही सांगता येत नाही. थोडं आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला, तेव्हा डॉक्टरांनी वैष्णवीला आत बोलावलं.

"त्यांच्या आधी लाल पट्टीवर कोण होते?"

वैष्णवीनं खाली मान घालून तिघांची नावं सांगितली. मग स्वतःला सावरायला म्हणाली, "पण सर, सगळीकडं असंच चालतं. मी कोणाचा पैसा घेतला नाही. पाच-पाच मिनिटांचीच तर कामं होती."

"ती पाच मिनिटं आणली कुठून?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं. "तुझ्या घरून आणलीस? माझी दिलीस? बाहेर बाकावर बसलेल्यांच्या वाट्याची होती ती! ज्यांचं कोणी ओळखीचं नाही, त्यांच्या खिशातून काढून तू ओळखीच्यांना वाटलीस. आणि वर त्यांनी तुझं कौतुक केलं."

वैष्णवीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आणि एक ऐक," डॉक्टर पुढे म्हणाले. "खोकल्याला लाल पट्टी, सहीला लाल पट्टी. मग खरी आली तेव्हा माझी नजरच उठली नाही. तू खोट्या पट्ट्या लावत होतीस, हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही, कारण त्यांतले अर्धे माझ्याही ओळखीचे होते. दोष एकटीचा नाही तुझा. पण म्हणून तो कमीही होत नाही."

घरी गेल्यावर मारोतरावांनी विचारलं, "दोस्ताचं काम झालं ना?" वैष्णवी सरळ स्वयंपाकघरात गेली. ताटावर बसली, घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. आपला हात उचलला जातो, याचीच तिला लाज वाटली.

हरिसिंगांना घरी आणल्याचं कळलं, तशी ती सुट्टीच्या दिवशी एकटीच तांड्यावर गेली. कपिलला, म्हणजे नवऱ्याला, सोबत ये म्हणावंसं वाटलं होतं. पण म्हणाली नाही.

पडवीत खाटेवर हरिसिंग बसले होते. जमनी दुधात कुस्करलेली भाकर त्यांना भरवत होत्या. पुण्याला कामाला असलेला मुलगा संजय बातमी ऐकून आला होता. त्यानं खुर्ची पुढे केली. वैष्णवी बसली नाही.

"त्या दिवशी काउंटरवर मी होती," ती म्हणाली. "तुमच्या आंधी मी ओळखीचे लोक घातले. त्यायले काईच झालं नव्हतं. अन्... मले वाटलं, दादा पिऊन आले."

संजय ताडकन उठला. "माया बापानं जल्मात दारूले हात नाई लावला! तांड्यावरचा माणूस अडखळला का तुमाले दारूच दिसते काहून?" त्यानं पुढे केलेली खुर्ची बाजूला लोटली. "आमच्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं, एवढंच आमचं चुकलं, ना?"

अंगणात शेजारच्या बायका गोळा झाल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं तिला वाटलं.

जमनींनी वाटी खाली ठेवली. नवऱ्याच्या हनुवटीवरचं दूध पदरानं पुसलं. मग त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात आमच्या इथं पाण्याचं टँकर येते. गुंडांची, म्हंजे घागरींची, लाइन लागते. तांड्याच्या नायकाच्या घरची गुंडही जाग्यावरच राह्यते, कोणी पुढं सरकवत नाई. पण कोणाच्या घरी बाळंतीण असली, नाई त कोणी मेलं असलं, त बाया आपणहून आपली गुंड मांगं घेते. कोणाले फोन करा नाई लागत. समोर दिसते ना सारं." त्यांनी वैष्णवीकडे सरळ पाहिलं. "मी दोनदा आलती तुह्याजवळ. आमी तुले दिसलो नाई का वो?"

वैष्णवी हात जोडून रडू लागली. "मले माफ करा, मावशी."

"माफी मी कशी देऊ? हात माया नाई गेला," जमनी म्हणाल्या.

खाटेवरून हरिसिंगांनी काही तरी आवाज केला. डावा हात उचलून त्यांनी आधी माठाकडे आणि मग वैष्णवीकडे बोट दाखवलं. उन्हातून आलेल्या बाईला कोणी अजून पाणी दिलं नव्हतं. संजयनं मुकाट्यानं तांब्या भरून आणला. ते पाणी पिताना वैष्णवीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांपुढे उभी राहिली. "सर, मला काढून टाकायचं असेल तर टाका. पण ठेवणार असाल, तर आता एक करू. ज्याला पुढे सोडायचं, त्याला का सोडतो ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मोठ्यानं. जे कारण मोठ्यानं सांगता येत नाही, त्याला लाल पट्टी नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणाले, "माझ्या ओळखीचा आला, तर मलाही हेच ऐकवायचं."

त्या दिवसापासून वैष्णवी काउंटरमागून उठून बाकांपुढे यायला लागली. "या पोराला धाप लागली आहे, याला आधी आत नेते. चालेल ना?" असं विचारायची. आणि नवल बघा, एकाही माणसानं कधी नाही म्हटलं नाही! उलट माणसं उठून वाट करून द्यायची.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. एका सकाळी मारोतराव स्वतःच मैनाबाईंना, म्हणजे वैष्णवीच्या सासूला, गुडघा दाखवायला घेऊन आले. बाक भरलेले होते.

"सूनबाई, लाव पटकन. मले मीटिंगले जायचं हाये."

वैष्णवीनं टोकन काढून पुढे केलं. "मामाजी, आपल्या आंधी बरेच लोक हायेत. बसा."

मारोतरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "मले बसवतेस? चार लोकांत? सून कोणाची हायेस तू, मालूम हाये ना?"

वैष्णवी काउंटरमागून बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मामाजी, तुमच्या दोस्ताच्या लायसनच्या कागदावर आत सही होऊन राह्यली होती ना, तवा तांड्यावरचे हरिसिंगदादा ह्या बाकावरून खाली पडले. त्याईचा हात गेला. धड बोलता येत नाई आता. फोन तुमी केला होता, बटण मी दाबलं होतं. आता आईंचा गुडघा त्याईच्या हातापेक्षा मोठा हाये, असं ह्या लोकायसमोर मोठ्यानं सांगा. मी आत्ता सोडतो."

ही गोष्ट मारोतरावांना कोणी, त्या दोस्तानंही, सांगितलीच नव्हती. एक फोन केला, काम झालं, विसरून गेले. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणी माणूस पडला असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मैनाबाईंनी मात्र नवऱ्याच्या हातातलं टोकन काढून घेतलं. लंगडत जाऊन बाकाच्या टोकाला बसल्या. "या इकडं," त्या म्हणाल्या. "माया गुडघा काई पळून नाई चालला."

मारोतराव आले, बायकोशेजारी बसले. मध्येच त्यांचा फोन वाजला. पलीकडून कोणी तरी नंबर लावून द्यायला सांगत असावं. मारोतराव हळू आवाजात म्हणाले, "नाई जमत आता. मी सोता लाइनीत बसलो हाओ. तूही येऊन बस."

हरिसिंगांचा हात बरा झाला नाही. तपासणीला ते येतात, तेव्हा जमनी त्यांना धरून आणतात आणि वैष्णवी त्यांना सगळ्यांसारखंच टोकन देते. देताना आजही तिला मान वर करता येत नाही. ती लाज जावी, असं तिला वाटतही नाही.

मंडळी, आपल्यातलं कोण असं आहे, ज्यानं कधी "जरा आपल्या माणसाला बघ ना" म्हणून फोन केला नाही? आपल्याला वाटतं, एवढ्यानं कोणाचं काय बिघडतं! बिघडतं. आपण एक पाऊल पुढे जातो तेव्हा कोणी तरी एक पाऊल मागे ढकलला जातो, आणि तो नेमका कोण होता, त्याला काय होत होतं, हे आपण वळून बघत नाही. मोठ्या माणसाला पुढे जायला शंभर वाटा असतात. ज्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, त्याचा एकच वशिला असतो, तो म्हणजे रांग. तेवढा तरी त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका!